पट्ट्यावरची बारा अक्षरे

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, नगर रस्त्यावर पाण्याच्या टँकरने संपतच्या पवळ्या बैलाला उडवले. मागचा डावा पाय मांडीपासून मोडला. जनावरांचा डॉक्टर यायला सव्वा तास लागला. तोवर पवळ्या रस्त्याच्या कडेला मान टाकून पडून होता आणि संपत त्याच्या दोन शिंगांच्या मध्ये तळवा ठेवून उकिडवा बसला होता. जोडीचा हरण्या रस्त्याकडेच्या कठड्याला बांधलेला होता. प्रत्येक हॉर्नला तो दावे ताणून मागे सरत होता.

तात्यारावाची पांढरी गाडी तिथे येऊन थांबली. त्याने काच अर्धीच खाली केली.

"संपत, जनावरं हायवेला आणायचे दिवस ऱ्हायलेत का आता? उरलाय तेवढा विकून टाक अन् मोकळा हो."

काच वर गेली आणि गाडी वाघोलीच्या दिशेने निघून गेली.

जनावरे हायवेला आणायची वेळ ज्याने आणली, तोच हे बोलून गेला होता. तात्याराव म्हणजे संपतचा सख्खा चुलतभाऊ, चार वर्षांनी मोठा. गाव महापालिकेत गेल्यावर त्याने आपल्या रानाचे प्लॉट पाडले. ज्येष्ठात त्याने मधल्या जुन्या गाडीवाटेवर सिमेंटचे खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. संपतचा गोठा तारेच्या अलीकडे राहिला आणि दोन एकर रान पलीकडे. तहसीलदाराकडे अर्ज झाला, तीन तारखा पडल्या, चौथी कार्तिकातली मिळाली. तोवर औत घेऊन जायचे तर अर्धा किलोमीटर नगर रस्त्याने चालण्याला इलाज नव्हता.

पवळ्याला पुरून आल्यावर संपत दोन दिवस गोठ्यातच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवून तो बायकोला म्हणाला, "मथुरा, औंदा पोळ्याचा मान आपला हाय."

"हाय. पण एका बैलावर कसला मान?"

"पट्ट्याला एकच बैल लागतो."

मथुराबाईने त्याच्याकडे पाहिले आणि तिला सगळे कळले.

त्यांच्या गावात भादव्याच्या अमावास्येला पोळा होई, आणि चार घरांत पाळीपाळीने मान फिरे. मानाच्या घराचा बैल वेशीत पहिला उभा राही. त्याच्या गळ्यात चामड्याचा रुंद पट्टा असे. त्या पट्ट्यावर जे काही चामड्यात उमटवलेले असेल, ते गुरवाने मोठ्याने वाचायचे आणि वाचून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचे नाही. रंगाने लिहिलेले वाचत नसत, कारण रंग पावसाने जातो. आजवर सगळ्यांनी बैलाचे आणि मालकाचे नाव उमटवून घेतले होते. पण दुसरे काही उमटवू नये, असे कोणी कधी सांगितलेले नव्हते.

संपतने वहीच्या पानावर मजकूर लिहिला. 'पवळ्या. वाट तात्याने अडवली.' बारा अक्षरे झाली.

"राव गाळलंत?" मथुराबाईने विचारले.

"राव घालायचा तर ठसा जादा करावा लागतो."

संपत आयटीआयचा फिटर. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याने बत्तीस वर्षे काढली होती आणि पोलादावर नंबरांचे ठसे मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने जुन्या पोलादी सळ्यांचे बोटभर तुकडे कापले, कानशीने त्यांच्या टोकांवर उलटी अक्षरे काढली. 'व' दोनदा येत होता, म्हणून ठसे अकराच लागले. आठ दिवसांत ते तयार झाले. ते रांगेने मांडून ठेवल्यावर अर्धे काम झाल्यासारखे त्याला वाटले.

चामड्याचा पट्टा मुलीने, ऋतिकाने, मोबाइलवरून मागवला. ती खराडीला नोकरी करत होती. पट्टा काळा, मऊ आणि दिसायला देखणा होता. संपतने तो ओसरीतल्या लाकडी पाटावर पसरला, 'प'चा ठसा धरला आणि लोखंडी हातोडीने दणका दिला. अक्षर उमटले. पुढचीही दोन उमटली. जेवून येऊन पाहतो तर पट्टा पुन्हा सपाट झालेला. बोट फिरवले तर कुठेतरी काहीतरी होते, एवढेच जाणवे. त्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारले. संध्याकाळपर्यंत चामडे फुगून पुन्हा जागच्या जागी.

नेमका त्याच संध्याकाळी तात्याराव आला. ओसरीच्या पायरीवर एक पाय ठेवून तो उभा राहिला.

"पाळी तुझी हाय, मान्य. पण एका बैलावर मिरवणं बरं दिसत न्हाई. मान आमच्याकडं दे. पुढच्या पाळीला तू घे."

पुढची पाळी चार वर्षांनी. हरण्या तेव्हा असेल की नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तात्यारावाने पाटावरचा पट्टा उचलून उजेडाकडे धरला.

"ह्यावर काय मुंग्या चालल्यात का? अरे, कोंडीराम गुरवाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो बोटानं चाचपून वाचतो. त्याला लागलं न्हाई तर तो वाचायचा न्हाई. ऐन वेशीत शोभा होईल तुझी." मग आत पाहून तो म्हणाला, "मथुरा, नवऱ्याला काहीतरी काम लाव. रिटायर माणूस घरात बसला की असं होतं."

मथुराबाई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काम लागलंय त्यास्नी, भावजी."

दुसऱ्या दिवशी संपत लष्कर भागात दत्तोबाकडे गेला. दत्तोबाने आयुष्यभर शर्यतीच्या घोड्यांची खोगिरे आणि लगाम केले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तो स्टुलावर बसला होता आणि दुसरे स्टूल नव्हते. संपत जमिनीवर बसला. दत्तोबाचे आजोबा संपतच्याच गावाकडचे. त्या गावात त्यांना कोणी कधी ओसरीवर बसवले नव्हते. दत्तोबाने हे बोलून दाखवले नाही. फक्त, संपत जमिनीवर नीट टेकेपर्यंत तो त्याच्याकडे पाहत राहिला.

मग त्याने पट्टा घेतला, चामडे कापायच्या रापीने कडेची कातळी काढली आणि कापलेली बाजू पुढे केली. आत निळसर करडा रंग होता.

"हे क्रोमचं, रसायनात कमावलेलं. पर्सांना, जॅकेटांना चालतं. दाबलं की रबरासारखं परत वर येतं. ह्यावर तुम्ही दिवाळीपर्यंत ठोकलंत तरी अक्षर राहायचं नाही, पाटील."

"मी पाटील न्हाई."

"इकडे सगळे पाटीलच येतात," दत्तोबा म्हणाला. त्याने फळीवरून दुसरी पट्टी काढली. ती फिकट तपकिरी होती, आतून-बाहेरून एकाच रंगाची. "ही बाभळीच्या सालीत कमावलेली. हिच्यात ठसा बसतो तो जात नाही."

"अन् मारायचा कसा?"

"तुम्ही टूलरूमचे ना? कळेल तुम्हाला."

पट्टी घेऊन संपत घरी आला, आणि इथे त्याच्या हातून ती चूक झाली जी त्याच्या घरातल्या कोणाच्याही हातून झाली असती. नवे चामडे घरात आले की, मग तो आसूड असो की गळ्याचा पट्टा, त्याला आधी करंजाचे तेल पाजायचे, हा त्या घराचा रिवाज होता. वडील तसे करत, आजोबा तसे करत. संपतने फडक्याने तीन वेळा तेल चोळले. पट्टी गुळासारखी गडद झाली. मग तिला पाण्याने ओली करायला गेला, तर पाणी अळूच्या पानावर राहावे तसे थेंबाथेंबाने वरच राहिले. ठसा मारला तर एका जागी खोल, दुसऱ्या जागी नुसता चट्टा. चामड्याच्या पोटात पाणी शिरलेच नव्हते.

तो पुन्हा दत्तोबाकडे गेला. पुन्हा जमिनीवर बसला.

"तेल पाजलंत," पट्टी नुसती पाहून दत्तोबा म्हणाला.

"आमच्यात पाजतात."

"आधी नाव काढायचं, मग पाजायचं. तुमच्यात नाव आम्हीच काढून द्यायचो, तेल पाजायचं काम तेवढं तुमच्याकडे. म्हणून तुम्हाला पहिलं काम ठाऊकच नाही." त्याने दुसरी पट्टी दिली, आणि या वेळी एक वाक्य जादा बोलला. "पाणी बेताचं."

बेताचे म्हणजे किती, हे संपतने विचारले नाही. विचारायचे तर आणखी थोडा वेळ त्याच्या पायाशी बसावे लागले असते. त्याने घरी येऊन पट्टीचा वीतभर तुकडा कापला आणि गोठ्यातल्या दगडी कुंडीत अख्खा दिवस बुडवून ठेवला. तो लिबलिबीत झाला. ठसा लोण्यात रुतावा तसा रुतला, आणि काढताच अक्षराच्या भिंती आत ढासळल्या. 'ट' आणि 'ड' ओळखू येईनात.

आता संपतला स्वतःचाच राग आला. बत्तीस वर्षे त्याने पोरांना शिकवले होते की बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि इथे तो आंधळ्यासारखा ठोकत सुटला होता. त्याने पट्टीचा आणखी एक वीतभर तुकडा कापून त्याच्या दहा चकत्या केल्या. एक नुसती पुसली, एक पाच मिनिटे भिजवली, एक दहा. भिजवलेल्यांपैकी काही लगेच ठोकल्या, काही फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि दुपारी ठोकल्या. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने वेळ लिहिली. ऋतिका रविवारी घरी होती. ती त्याच्या शेजारी बसून चकत्यांचे फोटो काढत राहिली.

"पप्पा, हे तर प्रॉपर टेस्टिंग झालं. पण एवढं सगळं एका वाक्यासाठी? मी त्याचा रील करून टाकते ना, दोन तासांत अख्ख्या गावाला कळेल."

"रील त्याला पुसायला लावता येतो," संपत म्हणाला. "कोंडीरामाचा आवाज पुसता येत न्हाई."

सातव्या चकतीवर त्याला बेत सापडला. दोन्ही बाजूंनी भिजवायचे, फडक्यात मुरू द्यायचे, आणि वरचा रंग पुन्हा फिकट व्हायला लागला की मारायचे. गालाला लावले तर गार लागावे, ओले लागू नये. या चकतीवरचा 'प' तळाशी गडद उमटला आणि संध्याकाळीही तसाच राहिला.

तरीही अक्षरे एका अंगाला खोल आणि दुसऱ्या अंगाला उथळ येत होती. काही ठिकाणी तर दुहेरी, जशी घाबरलेल्या माणसाची सही. संपतने ठसे भिंगाखाली पाहिले. कडा पोलादासाठी घासलेल्या, धारदार. त्या चामडे दाबत नव्हत्या, कापत होत्या. त्याने त्या बारीक पॉलिश कागदावर घासून बोथट केल्या. लोखंडी हातोडी ठशावर आपटून उसळत होती, म्हणून बाभळीची मोगरी घेतली. ठसा कलू नये म्हणून लाकडी ठोकळ्याला चौकोनी भोक पाडले आणि त्यातून ठसा उभा सोडला. एवढे झाल्यावर उरला तो खालचा पाट. दणका बसला की पाट दबत होता आणि अर्धा जोर ओसरीची जमीन खात होती. खाली दगड पाहिजे होता, जड आणि गुळगुळीत.

तसा दगड घरात एकच होता. मथुराबाईचा पाटा. मिक्सर आल्यापासून त्याला टाकी लावून खडबडीत केलेले नव्हते आणि तो आरशासारखा झाला होता. तरी सणाला पुरण त्याच्यावरच वाटले जाई. संपत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि पाट्याकडे पाहत राहिला.

"तिकडं बघू नका," मथुराबाई म्हणाली. "त्याच्यावर चामडं यायचं न्हाई. सासूबाईंचा हाय तो."

तो परतला आणि बांधकामावरून फरशीचा तुकडा आणायला गेला. तो पहिल्याच दणक्याला दुभंगला.

दोन दिवसांनी मथुराबाई किराण्याच्या दुकानातून आली ती पिशवी न टेकवता थेट स्वयंपाकघरात गेली. तात्यारावाच्या सुनेने चारचौघींत तिला विचारले होते, "काकू, औंदा एकाच शिंगाला बेगड लावायची का? अर्धा बैलच हाय ना तुमच्याकडं." बायका हसल्या होत्या. मथुराबाई पुरणाची डाळ घ्यायला गेली होती. डाळ न घेताच ती परत आली.

तिने भिंतीला टेकवलेला पाटा आडवा पाडला, दोन्ही हातांनी फरपटत ओसरीत आणला आणि संपतच्या पुढ्यात सोडला. तिच्या दंडाला खरचटले होते.

"घ्या," ती म्हणाली. "पुरण मिक्सरमध्ये होईल."

अमावास्येला तीन दिवस उरले होते. दत्तोबाने दिलेल्या पट्टीचा उरलेला मोठा तुकडा संपतने अजून वापरला नव्हता. तो एकच होता. एक ठसा चुकला की सगळे चुकले, कारण या चामड्यातून काही परत जात नाही, हेच त्याचे मोल होते. सकाळी त्याने पट्टी भिजवून फडक्यात ठेवली, अंघोळ केली आणि चहाही घेतला नाही. साडेदहाला पट्टी गालाला लावली. गार लागली. त्याने ओळीसाठी दोरा ताणला, ठोकळा धरला, 'प' सोडला आणि मोगरी एकदाच मारली. दगडाने जोर जसाच्या तसा परत दिला.

मथुराबाई पुढचा ठसा हातात देत होती. पवळ्याचे नाव झाल्यावर संपत थोडा थांबला, हाताचा घाम धोतराला पुसला. 'ता' मारताना मोगरी मनापेक्षा जोरात पडली. अक्षर इतरांपेक्षा अधिक खोल गेले.

"ते जास्त झालं," ती म्हणाली.

"असू दे."

बारावा 'ली' बसला तेव्हा अकरा वाजले होते. संपतने डोळे मिटून उजव्या हाताचा अंगठा डावीकडून उजवीकडे नेला. सगळे वाचता आले. मग पट्टा दिवसभर सावलीत वाळवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला करंजाचे तेल पाजले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तात्याराव पुन्हा आला. पट्टा खुंटीला टांगलेला होता. तो तीन हातांवरून वाचता येत होता आणि तात्यारावाने तो वाचला. या वेळी तो पायरीवर थांबला नाही. वर येऊन जाजमावर बसला.

"उद्या बाहेरची मंडळी येणार हायत. पार्ट्या, प्लॉट बघायला. त्यांना गावचा पोळा दाखवायचं कबूल केलंय मी."

"येऊ द्या. सण हाय."

"संपत, आपण एका आज्याची नातवंडं." तात्यारावाने गुडघ्यावरचा सदरा सारखा केला. "सकाळी तार काढतो. दोन खांब उपटतो, गाडी जाईल एवढी वाट सोडतो. हा पट्टा तेवढा घालू नको. दुसरा घाल, नुसता नावाचा. मी आणून देतो."

आत भांड्याचा आवाज थांबला.

"तार काढा," संपत म्हणाला.

"म्हणजे ठरलं?"

"तार काढा म्हणालो."

तात्यारावाने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला आणि तो उठून गेला. मथुराबाई दारात आली. तिच्या हाताला कणीक होती.

"देतोय की वाट. हेच पाहिजे होतं ना आपल्याला? हरण्याला रानात न्यायला मिळंल. माझाबी राग गेला न्हाई, पण रागानं नांगरट होत न्हाई."

"पवळ्याला मिळाली का?"

तिने बोटांची कणीक सोडवली. मग म्हणाली, "तो परत तार ओढंल. ह्या बारीला कायमची."

"ओढू दे."

सकाळी खरोखरच दोन खांब आडवे झालेले होते आणि तार गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. संपतने हरण्याला धुतले, शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर झूल घातली. शेवटी पट्टा गळ्यात बांधून झूल पुढे ओढली, ती पट्ट्यावर आली. मग त्याच उघडलेल्या वाटेने तो बैलाला घेऊन वेशीकडे निघाला. तात्यारावाच्या माणसाने त्याला तिथून जाताना पाहिले आणि मोबाइलवर मालकाला कळवले की सगळे ठीक आहे.

वेशीत गर्दी होती. ढोलकरी होते, फेटे बांधलेले होते, आणि एका बाजूला शहरातून आलेली पाच-सहा माणसे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. कोंडीराम गुरवाला नातवाने हात धरून आणले. ढोल थांबले. संपतने झूल मागे सारली.

वाचण्याआधी मानाच्या बैलाच्या पट्ट्याला हळद लावायची असते, आणि ती गेल्या पाळीच्या घराने लावायची असते. गेली पाळी तात्यारावाची होती. तो ताट घेऊन पुढे आला तेव्हा त्याची नजर पट्ट्यावर गेली. चेहरा क्षणभर लाकडासारखा झाला. पण लोक पाहत होते, आणि पाहुणेही. त्याने ओल्या हळदीचा मोठा गोळा घेतला आणि पट्ट्यावर थापला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने तो जाड लिंपला. एकही अक्षर दिसेना.

"झालं," तो म्हणाला. "वाच, कोंडीराम. काय लागलं तर."

कोंडीरामाने बोटे पुढे केली. त्याला मऊ लगदा लागला. त्याने खांद्यावरचे उपरणे घेतले आणि दोन बोटांत धरून, देवाची मूर्ती पुसावी तसा, पट्टा एकदा पुसला. वरची हळद उपरण्याला आली. खालची आली नाही. ती ठशांच्या तळाशी जाऊन बसली होती, आणि तपकिरी चामड्यावर बारा अक्षरे पिवळीधमक उभी राहिली. मागच्या ओळीतल्यांनाही ती दिसली.

म्हाताऱ्याला ती दिसली नाहीत. तो अंगठ्याने वाचत होता. एकेक अक्षर लावत, सवयीच्या उंच आवाजात त्याने वाचले, "पवळ्या." थांबला. "वाट." पुन्हा थांबला. 'ता'वर त्याचा अंगठा थोडा अधिक रुतला, आणि आवाज खाली आला. पण आजवर त्याने चामड्यातले काही गाळलेले नव्हते. "तात्याने अडवली."

कोणी तोंड उघडले नाही. तसा रिवाजच होता. शहरातल्या मंडळींपैकी एका बाईने शेजारच्याला हळूच विचारले, "तात्या कोण?" आणि शेजारच्याने हळद लागलेले हात घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे नुसती मान वळवली.

तात्याराव ताट खाली ठेवायला जागा शोधत होता. कोणी ते त्याच्या हातातून घेतले नाही.

संपतने कासरा ओढला. हरण्या तोरणाखालून गेला आणि मागे ढोल सुरू झाले. परत जाताना जुन्या वाटेच्या फाट्याशी मथुराबाई थांबली. तिकडून खांब ठोकल्याचा आवाज येत होता. संपत थांबला नाही. वाट अजून थोडी उघडी आहे का, हे पाहायलाही तो त्या बाजूला वळला नाही. त्याने बैलाला नगर रस्त्यावर काढले आणि स्वतः वाहनांच्या बाजूने चालू लागला. मथुराबाईने पदर खोचला आणि हरण्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन त्याच्या वशिंडावर हात ठेवला. समोरून पाण्याचा टँकर येत होता. तो जवळ आला, वेग कमी झाला, आणि ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून पट्ट्यावरचे वाचले.